फॉइलवरून पडल्यानंतरची मिनिटे

काइटबोर्डिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाण्यावर जाणं) आणि हायड्रोफॉइलिंग (फळीखाली खांबाला जोडलेल्या पंखांच्या, म्हणजे फॉइलच्या, जोरावर पाण्यावर उचललं जाणं) करणाऱ्यांना शार्क बरेचदा दिसतात. याचं मोठं कारण त्यांची उंची. पोहणाऱ्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असतात. एवढ्या तिरप्या कोनातून बघताना पृष्ठभागावरून परावर्तित झालेला उजेडच डोळ्यांत शिरतो आणि समुद्र चकाकत्या पत्र्यासारखा दिसतो. फॉइलवर उभ्या माणसाची फळीच पाण्याच्या अर्धा-पाऊण मीटर वर असते, डोळे तर दोन मीटरहून वर. तिथून नजर पाण्याच्या आत उतरते आणि वाळूवरून सरकणारी काळी आकृती ओळखू येते.

ती आकृती तिथं आधीपासूनच होती. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, लाँग बीचच्या संशोधकांनी 2019 ते 2021 दरम्यान दक्षिण कॅलिफोर्नियातल्या 26 किनाऱ्यांवर ड्रोन उडवून पाहणी केली. लहान वयाचे ग्रेट व्हाइट शार्क जिथं गोळा होतात अशा दोन ठिकाणी तर पाहणीच्या 97 टक्के दिवशी माणसं आणि शार्क एकाच पाण्यात होते. माणसांना त्याचा पत्ता नव्हता आणि शार्कांनी त्यांच्याकडे जवळपास दुर्लक्षच केलं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या नोंदींनुसार 2024 मध्ये जगभरात माणसानं डिवचलेलं नसताना शार्क चावल्याच्या 47 घटना घडल्या, त्यातल्या 4 जीवघेण्या ठरल्या. शार्क दिसणं आणि शार्कपासून धोका असणं, या दोन गोष्टी वेगळ्याच धरायला हव्यात.

पण फॉइलची शार्कला चाहूल लागते का? काही फॉइल वेगात गुणगुणतात. पंखाच्या मागच्या कडेवरून पाण्याचे भोवरे आळीपाळीनं सुटतात, कड थरथरते आणि सूर निघतो. कड 2 मिलीमीटर जाड असेल आणि वेग सेकंदाला 8 मीटर, तर हिशेबानं हा सूर साधारण 800 हर्ट्झचा येतो. शार्कची श्रवणशक्ती 1000 हर्ट्झच्या आसपास संपते, म्हणजे हा सूर तिच्या अगदी वरच्या टोकाला पडतो. शार्कला खेचून आणतात ते याहून कितीतरी खालचे, तुटक, अनियमित आवाज. जखमी मासा तडफडतो तसे. गुणगुण थांबवायला लोक कड पॉलिश पेपरनं घासतात. त्यानं सूर जातो, मात्र शार्कच्या दृष्टीनं फारसा फरक पडत असेल असं मला वाटत नाही.

दुसरी शंका विजेची. ॲल्युमिनियमचा मास्ट (फळी आणि पंख जोडणारा खांब) आणि कार्बनचे पंख खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात बॅटरीप्रमाणे क्षीण प्रवाह वाहू शकतो. शार्कच्या तोंडाच्या पुढच्या भागावर लोरेंझिनीच्या कुप्या, म्हणजे वीज जाणवणारी बारीक छिद्रं, असतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ स्टेफानो लोरेंझिनी यांनी त्यांचं वर्णन 1678 मध्ये केलं होतं, पण विजेशी त्यांचा संबंध उलगडायला विसावं शतक उजाडलं. या कुप्यांना सेंटिमीटरमागे व्होल्टच्या काही अब्जांश भागांइतका फरकही कळतो. तरी अशी क्षीण क्षेत्रं अंतराबरोबर इतक्या झपाट्यानं विरतात की ही जाणीव अगदी जवळच्या टप्प्यातच कामी येते, वाळूत दडलेला मासा शोधण्यासारखी. सेकंदाला 8 मीटर जाणारा फॉइल तो टप्पा निमिषात ओलांडतो. त्यामुळे मास्टमधल्या विजेनं शार्क लांबून ओढला जातो, ही भीती मला निराधार वाटते.

खरी काळजी करावी ती पडल्यानंतरची. वारा पडतो, पतंग पाण्यात कोसळतो, दोऱ्या गुंततात. आता उडणारा माणूस पाण्यात लोंबकळणारं शरीर झालेला असतो, आणि पतंग पुन्हा उभा करताना पाय मारत तो नेमके तसेच खालच्या पट्टीतले, तुटक आवाज करतो. खालून दिसते ती उजेडावर उमटलेली काळी आकृती. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं की लहान वयाच्या ग्रेट व्हाइटच्या नजरेला पोहणारा माणूस, फळीवर हात मारत जाणारा माणूस आणि शार्कचं भक्ष्य असलेला सील यांच्या आकृत्या वेगळ्या ओळखणं अवघड असतं. 2010 च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या स्टुअर्टजवळ एका काइटबोर्डरचा शार्कच्या चाव्यांनी मृत्यू झाला, तोही किनाऱ्यापासून काही शे मीटरच आत. हिवाळ्यात त्या किनाऱ्यालगत ब्लॅकटिप शार्क हजारोंच्या संख्येनं येतात आणि काइटबोर्डिंगला हवा तसा वाराही त्याच दिवसांत सुटतो.

विजेच्या झटक्यानं शार्कला दूर ठेवणाऱ्या उपकरणांबद्दल बरंच बोललं जातं. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठानं 2018 मध्ये पाच साधनं तपासली. सर्वांत प्रभावी ठरलेल्या साधनामुळे ग्रेट व्हाइटनी आमिष खाण्याचं प्रमाण 96 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आलं. त्याचे इलेक्ट्रोड सर्फबोर्डच्या तळाला चिकटवलेले असतात. फॉइलची फळी हवेत असताना ते पाण्याबाहेरच राहतात, आणि गरज पडते तेव्हा, म्हणजे पडल्यावर, पतंग माणसाला ओढून नेतो व फळी मागे राहते. संरक्षण फळीभोवतीच उरतं. म्हणून काइटवाल्यांनी अशा साधनावर विसंबण्याआधी फळीपर्यंत परत पोहोचायला आपल्याला किती वेळ लागतो ते शांत पाण्यात तपासून घ्यावं. शार्क दिसत असेल तर पाण्यातला प्रत्येक मिनिट कमी करावा, त्याच्याकडे तोंड ठेवावं, पाठ फिरवून धडपडू नये. आणि सोबत्याच्या पायाला चावा बसलाच, तर किनाऱ्यावर आणल्याबरोबर त्याच पायाच्या जांघेच्या घडीच्या मध्यावर मूठ ठेवून सगळं वजन टाकावं. तिथून जाणारी मोठी धमनी दाबली गेली की पायाचा रक्तप्रवाह बराचसा थांबतो, आणि मदत येईपर्यंत ही मूठ हलवायची नाही.