रोपवेने देवदर्शन (सातारा–सांगली परिसर)

डोंगरमाथ्यावरच्या देवळात पायऱ्या न चढता, दोरावरून जाणाऱ्या पाळण्यात किंवा तीव्र उतारावरच्या रुळांवर चालणाऱ्या डब्यात बसून जाण्याची ही पद्धत. यंत्रे वेगवेगळी असली तरी बोलण्यात दोन्हींना सरसकट ‘रोपवे’ किंवा ‘ट्रॉली’च म्हणतात. हरिद्वारच्या मनसादेवीला 1981 पासून, पावागडला 1986 पासून ही सोय आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत डोंगरावरचे देव पुष्कळ, पण इथला भाविक पाळण्यात किंवा डब्यात बसतो तो बहुधा परमुलखात: रायगडावर, वणीला नाहीतर गिरनारला.

सर्वांत साध्या प्रकारात दोनच पाळणे असतात. एक वर निघाला की दुसरा खाली येतो. विहिरीच्या रहाटाला दोन टोकांना दोन पोहरे बांधावेत तसे दोघे एकमेकांचे वजन तोलतात, त्यामुळे मोटारीला ओढावा लागतो तो फक्त दोन बाजूंमधला फरक. दुसऱ्या प्रकारात पोलादी दोराचे अखंड कडे सतत फिरत असते. त्याला चिमट्यांनी धरलेले अनेक पाळणे एकामागून एक येतात, स्थानकात दोरापासून सुटून संथ होतात आणि माणसे चढली-उतरली की पुन्हा दोर पकडतात. दोर सैल पडू नये म्हणून एका टोकाला वजन किंवा दाबयंत्र लावतात. वीज गेली तर डिझेलवर पाळणे स्थानकात आणायची तजवीज असते. वारा ठरावीक वेगापुढे गेला की फेऱ्या थांबवाव्या लागतात. वर गेलेल्या माणसाला तेव्हा देवळात नाही, स्थानकातच ताटकळावे लागते.

महाराष्ट्रात या सोयीची ओळख लोकांना झाली ती रायगडामुळे. हिरकणीवाडीतून गडावर जाणारा रोपवे 1996 मध्ये सुरू झाला. तिथे जाणारे मुख्यतः शिवरायांच्या समाधीसाठी जात असले तरी समाधीशेजारच्या जगदीश्वरालाही हात जोडतातच. वणीच्या सप्तशृंगीला 2018 मध्ये जी ट्रॉली आली ती दोरावर लटकत नाही, रुळांवरून चढते. गाड्या गडावरच्या गावापर्यंत जात होत्याच, ट्रॉलीने वाचवल्या त्या गावापासून देवीपर्यंतच्या पायऱ्या. ज्यांना त्या झेपत नसत ते पूर्वी पहिल्या पायरीवरच माथा टेकून परतत. आज त्यांतले पुष्कळजण देवीसमोर उभे राहतात, आणि या सोयीच्या बाजूने बोलायचे तर सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे.

सांगलीकडच्या दत्तभक्तांचा अनुभव निराळा. औदुंबर आणि नरसोबाची वाडी करणाऱ्यांना गिरनारची ओढ असते. तिथला सुमारे 2.3 कि.मी. लांबीचा रोपवे 24 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झाला. आठ आसनी पाळणे आठेक मिनिटांत वर नेतात, पण अंबाजीच्या टुकापर्यंतच, म्हणजे शिखरापर्यंतच. दत्तपादुका त्याच्याही पुढे. मधे गोरखनाथाचे शिखर चढायचे, मग उतरायचे आणि पुन्हा चढायचे. ‘रोपवे आहे’ एवढ्या भरवशावर गुडघे दुखणाऱ्या आजीला घेऊन गेलेल्या कुटुंबाची पंचाईत होते ती इथेच.

सातारा जिल्ह्यात चढणीचे प्रकार देवागणिक बदलतात. सज्जनगडावर, प्रतापगडच्या भवानीला आणि मांढरदेवीच्या काळुबाईला गाडी बरीच वरपर्यंत जाते; उरतात त्या शेवटच्या पायऱ्या. जरंड्याच्या मारुतीला मात्र मुख्यतः पायीच जातात. लक्ष्मणासाठी नेत असलेल्या द्रोणागिरीचा एक तुकडा इथे पडला, अशी या डोंगराची कथा. श्रावणातल्या शनिवारी तिथे रीघ लागते. सांगलीच्या बाजूला डोंगर ठेंगणे. भोशाजवळच्या दंडोबाला किंवा रेणावीच्या रेवणसिद्धाला रोपवेची चर्चा करण्याएवढी चढणच नाही.

या भागातल्या जत्रांमध्ये चढणे हाच विधीचा भाग असतो, आणि रोपवेचा विचार करताना ही बाजू हमखास राहून जाते. माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरला चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाचे लग्न लागते. त्या वेळी महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत पांढऱ्या कापडाचा लांबच लांब ध्वज बांधतात. द्वादशीला सासवडहून आलेली भुतोजी तेली यांची कावड मुंगी घाट चढते. घाट इतका उभा, की माणसे एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि कऱ्हेच्या पाण्याने भरलेले रांजण बांधलेली कावड हातोहात वर सरकते. पाय घसरला की ‘म्हाद्या धाव!’ अशी हाक उठते, आणि या हाकाटीत देवाला अरे-तुरे करायला कुणी मागेपुढे पाहत नाही. हेच पाणी पाळण्यातून चार मिनिटांत वर गेले तर त्याला कावड कोण म्हणेल? जोतिबाच्या चैत्री यात्रेत पहिला मान सातारा तालुक्यातल्या निनाम पाडळीच्या सासनकाठीचा. घरापेक्षा उंच बांबू दोऱ्यांनी तोलत नाचवत न्यायचा असतो, तो कुठल्याच डब्यात मावणार नाही. म्हणजे रोपवे झाला तरी त्यातून जाणार तो दर्शनाला आलेला माणूस. मानकरी, कावडी, काठ्या आणि नवसाच्या पायऱ्या पुजणाऱ्या बाया जुन्याच वाटेवर राहणार.

गर्दीचा प्रश्न रोपवेने सुटतो, हा समज तपासून घ्यावा लागतो. 25 जानेवारी 2005 रोजी पौष पौर्णिमेच्या जत्रेत मांढरदेवी इथे चेंगराचेंगरी होऊन 290 हून अधिक माणसे दगावली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद होती, त्यात दुकानांना आग लागून सिलिंडर फुटले. पुढे न्या. राजन कोचर आयोगाने चौकशी केली. अशा जत्रेला लोक येतात ते लाखांनी. तासाला 800 माणसे नेणारा रोपवे दहा तासांत 8,000 जणांना वर नेईल. बाकीचे पायऱ्यांवर नाहीतर खालच्या स्थानकाच्या रांगेत. शिवाय माथ्यावर जागा तेवढीच, गाभाऱ्याचे दार तेवढेच. एरवीच्या मंगळवार-शुक्रवारी मात्र तीच यंत्रणा म्हाताऱ्याकोताऱ्यांना खरोखर उपयोगी पडेल. तेव्हा रोपवेचा हिशेब जत्रेच्या दिवसावरून न मांडता वर्षभराच्या दर्शनावरून मांडलेला बरा.

धोक्याची बाजूही आहे. 10 एप्रिल 2022 रोजी, रामनवमीला, झारखंडमधल्या देवघरजवळ त्रिकूट टेकडीवरचे पाळणे अधांतरी अडकले. लष्कर आणि हवाई दलाला हेलिकॉप्टरने माणसे काढावी लागली, तरी तिघांचा जीव गेला.

केंद्राने 2022-23 च्या अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ ही रोपवे योजना जाहीर केल्यापासून महाराष्ट्रातही मागण्यांना जोर आला. साताऱ्यात नुसते पैसे पुरत नाहीत. पश्चिमेचा डोंगर बराचसा वनखात्याकडे. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात, प्रतापगडही 2025 पासून ‘मराठा लष्करी भूप्रदेशां’तला एक म्हणून जागतिक वारशात. गडावर खांब रोवायचा तर पुरातत्त्व खात्याचीही संमती लागते. त्यात जून ते सप्टेंबर धुके आणि सोसाट्याचा वारा. श्रावणात भाविकांची रीघ लागते तेव्हाच पाळणे वारंवार थांबवावे लागतील, आणि भाड्याचा हिशेब मांडणाऱ्या ठेकेदाराला हे महिने आधीच धरून चालावे लागेल.