गोव्यात रात्रीचा नांगर कुठे टाकायचा, याची जुनी गोष्ट

छोटी शिडाची बोट घेऊन गोव्यात येणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्याच संध्याकाळी विचारतो, रात्र कुठे काढू? आमचं उत्तर ठरलेलं, आग्वाद किल्ल्याच्या आडोशाला मांडवीच्या तोंडाशी, नाहीतर झुआरीत. ही उत्तरं काय आजची नाहीत, शेकडो वर्षं खलाशी याच दोन नद्यांत घुटमळत आलेत.

सगळ्यात आधी होतं कदंब राजांचं बंदर गोपकपट्टण, म्हणजे आताचं गोवा वेल्हा, झुआरीच्या काठावर. तिथे गाळ भरत गेला, मोठी जहाजं आत येईनाशी झाली आणि बंदर मांडवीवरच्या एला गावी सरकलं, तेच पुढचं ओल्ड गोवा.

पण मांडवीची खरी मेख तिच्या तोंडाशी आहे. पावसाळ्यात तिथल्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटायला लागतात आणि मग आतलं जहाज आत, बाहेरचं बाहेर. याची सगळ्यात मोठी शिक्षा भोगली ती पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने. १५१० च्या सुरुवातीला त्याने गोवा घेतलं, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला शहरातून हुसकावलं, तो जहाजांवर चढला खरा पण तोवर पाऊस सुरू झालेला, दांडा ओलांडून बाहेर जाता येईना. ऑगस्टपर्यंत अख्खं आरमार नदीतच नांगरून पडलं, काठावरून तोफा, पोटात भूक, आणि त्या तोफांतल्या काही होत्या पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यावर, म्हणजे आपलं जुनं सचिवालय! मिरामारहून पणजीत येताना दर वेळी मला हेच आठवतं, एवढ्याशा नदीत एवढी माणसं तीन महिने कशी राहिली असतील.

शेवटी २५ नोव्हेंबरला, पाऊस सरल्यावर, तो परत आला आणि शहर घेतलं.

नंतर पोर्तुगीजांनी तोंड सांभाळायला १६१२ मध्ये आग्वाद बांधला. नावातच पाणी आहे, आग्वा म्हणजे पाणी, लांबून आलेली जहाजं इथे थांबून गोडं पाणी भरून घ्यायची. किल्ल्यातली टाकी सुमारे २३ लाख गॅलनची. म्हणजे आडोसा आणि पाणी एकाच जागी, खलाशाला अजून काय हवं.

पावसाळ्यात मात्र सगळी भिस्त मुरगाववर. झुआरीचं तोंड रुंद, खोल, आणि मुरगावचं डोंगराळ टोक नैर्ऋत्येचा मारा अडवतं. तिथून आत जायला कुंभारजुव्याचा कालवा, तो दोन्ही नद्या जोडतो, खाणीचं खनिज वाहणाऱ्या बार्जीसुद्धा पावसाळ्यात तिकडूनच यायच्या. पोर्तुगीजांनी तर संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीनंतर राजधानीच मुरगावला न्यायचं ठरवलेलं, ते शेवटी झालं नाही. रेल्वे आणि बंदराचं मोठं काम १८८० च्या दशकातलं.

आता छोट्या बोटीला यातलं काय उरलं? ऑक्टोबर ते मे हाच आपला काळ. दुपारी वायव्येचा खारा वारा, रात्री जमिनीवरून मतलई, म्हणजे संध्याकाळी आग्वादखाली ज्या तोंडाने बोट उभी होती त्याच्या उलट ती पहाटे फिरलेली असते. म्हणून फिरायला चोहोबाजूंनी जागा सोडायची. इथे उधाणाला पाणी साधारण दोन मीटर चढतं, तेव्हा खोली भरतीची धरायची आणि दोर तिच्या पाच ते सातपट सोडायचा. नदीत चिखलाचा तळ, नांगर छान धरतो, पण ओहोटी एकीकडे आणि वारा दुसरीकडे झाला की बोट वाऱ्याला आडवी राहते आणि झोप गेलीच.

पणजीसमोर मात्र आता कॅसिनोच्या बोटी, फेरीबोटी, क्रूझ यांनी नदी भरलीय, ज्या पाण्यात एकेकाळी अख्खी आरमारं मावली तिथे बारा फुटी शिडाला धड वळायला जागा मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अजून थोडी जागा आहे ती आग्वादखालीच, जुन्या पाण्याच्या जागेजवळ.