नाळेतलं रक्त आणि यामानाकाचे चार जीन

मावसबहिणीला सातवा महिना लागला आणि घरी कॉर्ड ब्लड बँकेचा माणूस ब्रोशर घेऊन हजर. नाळेतलं रक्त गोठवून ठेवा ताई, पुढे बाळाला काहीही झालं तरी कामी येईल, हप्त्याने भरता येतं वगैरे. तिने लगेच मला फोन लावला, कारण घरात बायॉलॉजी शिकलेली मी एकटीच.

नाळेच्या रक्तात स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात अशा मूळ पेशी, असतात हे खरंय, पण त्या रक्त बनवणाऱ्या, गुडघा किंवा मेंदू बनवणाऱ्या नाहीत. आणि बाळाला उद्या थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला तर तोच बिघडलेला जीन नाळेतल्या पेशीतही असणार ना, मग स्वतःचंच रक्त परत देऊन काय मिळवलं? भावंडाचा आजार असेल आणि जुळलं तर मात्र खरंच उपयोग होतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे शेवटी स्टेम सेल थेरपीच, डोनल थॉमस यांना 1990 चं नोबेल त्यावरच मिळालं आणि ल्युकेमियाचे (रक्ताच्या कॅन्सरचे) कितीतरी पेशंट त्यामुळे वाचलेत.

पण मला खरी भुरळ पडते ती यामानाका या जपानी शास्त्रज्ञाच्या प्रयोगाची. 1998 मध्ये माणसाच्या भ्रूणातून स्टेम सेल वेगळ्या काढल्या गेल्या, त्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते, पण त्यासाठी भ्रूण नष्ट होतं म्हणून वाद पेटला. क्योटोत शिन्या यामानाकांनी उलटीकडून सुरुवात केली. आपल्या कातडीच्या पेशीतही डोळ्याची, लिव्हरची, सगळ्याची रेसिपी असतेच, फक्त नको ती पानं चिकटवून टाकलेली असतात. त्यांनी 24 जीन निवडले, सगळे एकदम उंदराच्या पेशीत घातले तर पेशी मागे वळून भ्रूणातल्या स्टेम सेलसारख्या झाल्या! मग एकेक जीन वगळून बघत 24 चे 10, 10 चे 4 उरले: ऑक्ट 3/4, सॉक्स 2, केएलएफ 4 आणि सी-मिक. यातल्या ऑक्ट आणि सॉक्सची प्रोटीनं डीएनएवर बसून पेशीचे स्वतःचे झोपलेले ऑक्ट-सॉक्स जीन चालू करतात, ते परत स्वतःलाच चालू ठेवतात, म्हणजे बाहेरून घातलेले बंद पडले तरी चक्र फिरतच राहतं. हे 2006 चं, 2012 ला नोबेल. या पेशींना आयपीएस म्हणतात (पोलीसवाले नव्हेत).

गोम अशी की सी-मिक हा कॅन्सरशी जोडलेला जीन आहे. अशा पेशींपासून झालेल्या उंदरांच्या पिल्लांत साधारण पाचात एकाला गाठी झाल्या. नंतर सी-मिकशिवायही जमवलं, पण पेशी फार कमी मिळतात. आणि मुळात जी पेशी हवी तेवढी वाढते, हवं ते बनते, तिला थांब कोण सांगणार? 2014 मध्ये जपानमधल्या कोबेत एका सत्तरीच्या बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच कातडीपासून बनवलेला रेटिनाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) थर बसवला, गाठ वगैरे झाली नाही, पण नजर सुधारलीही नाही, खराब व्हायची मात्र थांबली. दुसऱ्या पेशंटच्या पेशींत म्युटेशन (जीनमधले बदल) दिसली तर डॉक्टरांनी ऑपरेशनच केलं नाही.

याच्या उलट अमेरिकेतलं फ्लोरिडा. 2015 मध्ये तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी पोटाच्या चरबीतून काढलेल्या 'स्टेम सेल' टोचल्या, पैसे घेऊन, आणि तिघींची नजर गेली. आपल्याकडे भोंदूबाबाचा अंगारा दिसला की आपण हसतो, पण तेच पांढऱ्या कोटात कुणी ऑटिझम, सांधेदुखी, मधुमेह सगळ्यावर एकच इंजेक्शन विकलं की चेक फाडतो.

बहिणीला म्हटलं, तुझ्या मोठ्या मुलाला रक्ताचा काही आजार आहे का? नाही म्हणाली. मग ब्रोशर रद्दीत टाक.