तंत्रउद्योगातील धनाढ्यांची खूनरहस्यकथा

खूनरहस्यकथेचा एक अलीकडचा उपप्रकार. तंत्रज्ञान कंपनीचा अब्जाधीश मालक निवडक पाहुण्यांना आपल्या मालकीच्या आडबाजूच्या ठिकाणी बोलावतो, तेथे खून होतो आणि खुनी जमलेल्यांपैकीच कोणीतरी असणार हे स्पष्ट असते, असा या कथांचा सर्वसाधारण साचा आहे. चित्रपट व वेबमालिकांमधून तो २०२० नंतर विशेष ठळक झाला.

साचा मूळचा जुनाच. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३९ मधील कादंबरीत दहा माणसे एका बेटावर अडकतात व एकेक करून मारली जातात. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि अशी कोंडी वाचकाला पटवणे अवघड होऊन बसले. अब्जाधीश यजमानामुळे ती अडचण सुटली, कारण ज्याचे बेट, विमान, सुरक्षारक्षक आणि इंटरनेटची व्यवस्थाही स्वतःचीच आहे, त्याच्या घरी बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवायचा की तोडायचा हे तोच ठरवतो.

‘अ मर्डर ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’ (२०२३) या ब्रिट मार्लिंग व झाल बॅटमांग्लिज यांच्या सात भागांच्या मालिकेत आइसलँडमधील एका हॉटेलात पाहुणे जमतात. पहिल्या मृत्यूनंतर हॅकर असलेली तरुण नायिका तपास हाती घेते. परंतु दारावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणापासून सर्व नोंदी यजमानाच्याच यंत्रणेत साठलेल्या असतात. पुरावा ज्याच्या ताब्यात तोच संशयित, हा पेच जुन्या वाड्यातल्या रहस्यकथेत क्वचितच इतका तीव्र होता, आणि या उपप्रकाराचे खरे सामर्थ्य त्यातच आहे.

याच मालिकेत एका पाहुण्याचा मृत्यू त्याच्या पेसमेकरमध्ये दुरून ढवळाढवळ करून घडवला जातो. ही कल्पना निव्वळ काल्पनिक म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदयातील उपकरणाची बिनतारी सोय अशाच भीतीने २००७ मध्ये बंद करण्यात आली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी सुरक्षाविषयक सॉफ्टवेअर सुधारणा मंजूर केली. त्यासाठी रुग्णाला प्रत्यक्ष दवाखान्यात जावे लागे. त्या त्रुटीमुळे कोणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती.

रायन जॉन्सन दिग्दर्शित ‘ग्लास अनियन’ (२०२२) या चित्रपटात मात्र निर्णायक पुरावा एक कागदी नॅपकिन आहे. अब्जावधींच्या कंपनीची मूळ कल्पना त्यावर सहसंस्थापिकेने लिहिलेली असते. ती कोणाची, या वादात जुने मित्र न्यायालयात खोटी साक्ष देतात, कारण प्रत्येकाचा धंदा वा राजकारण यजमानाच्या पैशावर चाललेले असते. ग्रीसमधील त्याच्या खाजगी बेटावर तो नॅपकिन सापडतो आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत यजमान तो जाळून टाकतो. संशयितांना बांधून ठेवणारी गोष्ट येथे वारसाहक्क नसून गुंतवणूक आहे, हा बदल महत्त्वाचा मानावा लागेल.

या प्रकाराची मोठी उणीव म्हणजे यजमान बहुधा एक तर पोकळ बढाईखोर किंवा सर्वज्ञ खलपुरुष ठरतो, आणि ज्यांच्या श्रमावर त्याची कंपनी उभी आहे ते कर्मचारी कथेत जवळजवळ दिसतच नाहीत.