रोटरी प्रोसेसरवर कृष्णधवल फिल्म धुणे

टाकी आडवी ठेवून ती मोटरने सतत फिरवत घरच्या घरी कृष्णधवल फिल्म डेव्हलप करण्याची पद्धत. हाताने रोल धुताना टाकी उभी असते. फिल्म ज्यावर गुंडाळतात ते रीळ पूर्ण बुडेल इतके रसायन लागते आणि दर मिनिटाला टाकी काही वेळा उलटीसुलटी करावी लागते. टाकी आडवी फिरत असली की तळाशी थोडे रसायन असले तरी भागते, कारण फिल्मचा प्रत्येक भाग त्यातून पुन्हापुन्हा जातो. जर्मनीतील गुमर्सबाख येथे १९२३ साली योहानेस बोकेम्यूल यांनी स्थापन केलेल्या जोबो कंपनीची यंत्रे यासाठी सर्वांत प्रसिद्ध आहेत. त्यांच्या १५१० या लहान टाकीत ३५ मिमीचा एक रोल हाताने धुवायला २५० मिली द्रावण लागते, यंत्रावर १४० मिली पुरते.

यंत्र म्हणजे कोमट पाण्याचा हौद, हीटर, दिशा बदलत फिरणारी मोटर आणि बाटल्या ठेवायच्या जागा. काही मॉडेलांना ‘लिफ्ट’ असते. तिचा दांडा उचलला की टाकी न काढता वापरलेले रसायन बाहेर पडते आणि लगेच पुढचे ओतता येते. अंधार लागतो तो फक्त फिल्म रिळावर चढवताना. पुढचे सारे काम दिव्याच्या उजेडात होते. या यंत्रांचे खरे माहेर रंगीत फिल्म, कारण तिथे ३८ अंशांच्या आसपास तापमान काटेकोर राखावे लागते. कृष्णधवल फिल्मला एवढी कडक शिस्त लागत नाही. तिथे यंत्राचा फायदा म्हणजे रसायनाची बचत आणि प्रत्येक रोल सारखा निघणे.

मात्र हाताच्या पद्धतीचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालत नाही. निगेटिव्हच्या गडद होणाऱ्या भागांत, म्हणजे दृश्यातील उजळ भागांत, डेव्हलपर (फिल्मवरचे चित्र उमटवणारे रसायन) लवकर थकतो. टाकी स्थिर असताना हा थकवा कॉन्ट्रास्टला, म्हणजे उजळ आणि गडद भागांतील फरकाला, लगाम घालतो. सतत फिरणाऱ्या टाकीत तिथे ताजा डेव्हलपर येतच राहतो आणि उजळ भाग हाताबाहेर जातात. म्हणून वेळ १५ टक्क्यांपर्यंत कमी करायचा सल्ला इलफर्ड ही ब्रिटिश फिल्म कंपनी देते. जोबोचा मार्ग वेगळा: आधी पाच मिनिटे नुसत्या पाण्यात फिल्म भिजवायची आणि मग हाताच्या पद्धतीचाच वेळ वापरायचा. इलफर्डला हे भिजवणेच मान्य नाही. त्याने डेव्हलपिंग असमान होऊ शकते, असे ती म्हणते. दोन्ही पद्धतींनी उत्तम निगेटिव्ह निघतात. नडते ती सरमिसळ: न भिजवता पूर्ण वेळ दिला तर कॉन्ट्रास्ट भडक, भिजवूनही वेळ कापला तर निगेटिव्ह फिकट.

डेव्हलपरमधला एकूण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की डाग आणि पट्टे दिसू लागतात. जोरकस डेव्हलपर २४ अंशांवर मूळ द्रावणात, म्हणजे पाणी घालून पातळ न करता, वापरला की हे सहज घडते. तेव्हा तो पातळ करून वेळ वाढवावा. पण तिथेही मेख आहे. एक्सटॉल या आपल्या डेव्हलपरसाठी कोडॅक दर रोलमागे किमान १०० मिली मूळ द्रावण सांगते. जोबोच्या दोन रोलांच्या १५२० टाकीत यंत्रावर २४० मिली द्रावण घालतात. ते निम्मे पाणी घालून केले तर रोलमागे ६० मिलीच उरते. टाकी भरली म्हणजे डेव्हलपर पुरला, असे नव्हे.

अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा खेळत असल्याने पायरोसारखे, हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चटकन खराब होणारे डेव्हलपर इथे दगा देतात. यंत्रासाठी त्यांची वेगळी सूत्रे बनवावी लागली. तासभर न हलवता फिल्म ठेवण्याची ‘स्टँड’ पद्धत तर इथे शक्यच नाही, आणि त्या पद्धतीत वस्तूंच्या कडांना येणारी धारही इथे मिळत नाही. ती हवी असेल त्याने साधी टाकी वापरावी.

महाराष्ट्रातील उन्हाळ्यात अडचण उलटी असते. नळाचे पाणीच तिशी ओलांडते. हीटर निरुपयोगी ठरतो आणि हौदात बर्फाच्या बाटल्या सोडाव्या लागतात. शेवटचा वेटिंग एजंट (वाळताना फिल्मवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून वापरायचे द्रावण) मात्र यंत्रावर कधीच वापरू नये. तो फेसाळतो, रिळाच्या खाचांत साचतो आणि पुढचा रोल चढताना अडकतो. फिल्म रिळावरून काढून वेगळ्या भांड्यात या द्रावणात बुडवावी आणि मग वाळत टांगावी.