लोकप्रतिनिधींची मानसिक पात्रता (कोकण)

निवडणूक लढवणारी किंवा निवडून आलेली व्यक्ती मनाने पदाला सक्षम आहे का, हे ठरवण्याचे निकष. रत्नागिरीतल्या ५ आणि सिंधुदुर्गातल्या ३ विधानसभा मतदारसंघांना देशभराचाच नियम लागू आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९१ नुसार व्यक्ती मनोविकल असेल आणि सक्षम न्यायालयाने तसे घोषित केले असेल, तरच ती आमदारकीला अपात्र ठरते. खासदारांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १०२ मध्ये आहे.

निव्वळ निदानाने कोणी अपात्र होत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे, पण गावात ते फारसे पोहोचलेले नाही. समजा, उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी कणकवली किंवा गुहागर मतदारसंघात कोणी हरकत घेतली की अमुक उमेदवार मागे रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखल होता, आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पुढे केली. न्यायालयाची घोषणा नसेल तर त्या कागदावर अर्ज बाद होऊ शकत नाही. उलट रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. गोळ्या घेऊन बरा झालेला माणूस ‘डोक्यावर परिणाम झालाय’ या एका वाक्याने वाडीत बाजूला पडतो. त्याची उमेदवारी तरी कायद्याने राखली पाहिजे, आणि इथे ती राखली आहे.

न्यायालयात एखाद्याच्या मानसिक आजाराचा पुरावा दिला गेला आणि समोरच्या पक्षाने तो नाकारला, तर प्रश्न याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जातो आणि मंडळ तपासणी करून न्यायालयाला मत देते. विद्यमान आमदाराच्या अपात्रतेचा वाद मात्र राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मतानुसार निकाली काढतात.

ठरावीक काळाने सर्व आमदारांची मानसिक तपासणी व्हावी, अशी सूचना वरवर रास्त वाटते. पण तपासणारा कोण नेमणार? नेमणूक सत्ताधाऱ्यांच्या हाती गेली, तर विरोधकाला घरी बसवायला एक प्रमाणपत्र पुरेल. ब्रिटनमध्ये १९८३ च्या कायद्यानुसार मानसिक आजारामुळे सहा महिन्यांहून अधिक काळ सक्तीने रुग्णालयात ठेवलेल्या खासदाराची जागा रिकामी होऊ शकत असे. २०१३ मध्ये ती तरतूद रद्द झाली.

उतारवयातल्या विस्मरणाचा प्रश्न मात्र खरा आहे. विधानसभेच्या आमदारकीला किमान वय २५ आहे, कमाल नाही. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकते. पण जो सभागृहात येऊन बसतो आणि ज्याला चर्चा उमगत नाही, त्याच्याबाबत कुटुंब, पक्ष आणि पुढच्या निवडणुकीतले मतदार यांच्यावरच भिस्त राहते.