वैद्यकीय तंत्रज्ञान संशोधनाचा निधी : लष्करी आणि नागरी (ठाणे-नवी मुंबई पट्टा)

जखमी सैनिक असो की रांगेत बसलेला साधा पेशंट, त्याच्यासाठी नवं उपकरण, औषध किंवा उपचारपद्धत शोधायची, त्याचा प्रोटोटाइप बनवायचा, माणसांवर तपासायचं आणि शेवटी हॉस्पिटलात पोचवायचं, या सगळ्याला जो पैसा लागतो तो कोण देतं आणि कुठपर्यंत देतं, त्याबद्दलची ही नोंद आहे. भारतात हा पैसा बहुतेक सरकारी, पण सगळा आरोग्य मंत्रालयाचा असतो असं समजायचं कारण नाही. अणुऊर्जा विभाग, संरक्षण मंत्रालय आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांचा वाटा मोठा आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत तर हे उघड दिसतं : खारघरला कॅन्सरचं संशोधन करणारं ॲक्ट्रेक आणि वाशीला किरणोत्सारी औषधं बनवणारं ब्रिट, दोन्ही अणुऊर्जा विभागाची, आणि अंबरनाथला संरक्षण मंत्रालयाच्या डीआरडीओ या संशोधन संस्थेची नौदलासाठीची लॅब (एनएमआरएल). आरोग्य खात्याची पाटी यातल्या एकाही गेटवर नाही.

सुरुवात कुठून धरायची

यावर एकमत नाही. बरेच जण १९९३ साल धरतात, कारण त्या वर्षी एपीजे अब्दुल कलाम यांच्या पुढाकाराने डीआरडीओच्या आधाराने सोसायटी फॉर बायोमेडिकल टेक्नॉलॉजी स्थापन झाली आणि संरक्षण संशोधनातून नागरी उपकरणं काढायची हा उद्देश पहिल्यांदा कागदावर स्पष्ट लिहिला गेला. दुसरं मत १९५८ चं, म्हणजे डीआरडीओच्या स्थापनेचं. यात अडचण अशी की तेव्हाच्या डीआरडीओत वैद्यकीय काम फार थोडं होतं, अणुवैद्यकावर काम करणारी दिल्लीची इन्मास लॅब १९६१ ची. काही जण मागे जाऊन १९४४ सांगतात, पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर त्या वर्षी महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सुरू झालं आणि पुढे तिथे नागरिकांनाही कृत्रिम हातपाय मिळू लागले.

पण पैशाचा माग काढला तर आणखी मागे जावं लागतं. ब्रिटिश काळातली इंडियन मेडिकल सर्व्हिस मुळात लष्करी सेवा, तिचे डॉक्टर नागरी कामावर उसने दिले जात आणि युद्ध लागलं की परत बोलावले जात, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लष्करी संशोधन कुठलं आणि नागरी कुठलं ही रेषाच पुसट होती. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला मलेरियाचं डासांशी नातं दाखवलं ते याच सेवेत असताना. लशींवर काम करणारे शास्त्रज्ञ हाफकिन मात्र त्या सेवेतले नव्हते, आणि इथेच गुंता होतो : १८९३ पासून त्यांनी कॉलऱ्याची लस उत्तरेत टोचली तेव्हा छावण्यांतले सैनिकही त्यात होते, कारण छावणीत आकडे नीट ठेवता येत, तर १८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगच्या लसीचं काम सुरू झालं ते नागरी साथीमुळे, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. आज अशा चाचणीला कुठलीही एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही. १८९९ ला ही प्रयोगशाळा परळला जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

१९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन निघाली, वैद्यकीय संशोधनाची आजची केंद्रीय संस्था आयसीएमआर ती हीच, १९४९ ला फक्त नाव बदललं. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ ला परळच्या याच प्लेग लॅबोरेटरीत झाली. संशोधनासाठी वेगळा ठेवलेला फंड, तो कोणाला द्यायचा हे ठरवणारं मंडळ आणि त्या पैशावर चालणारे बहुतांशी लष्करी सेवेतले डॉक्टर, अशी पूर्ण व्यवस्था इथे पहिल्यांदा दिसते, म्हणून निधीच्या इतिहासासाठी १९११ हे साल जास्त पटण्यासारखं आहे. १९९३ महत्त्वाचं आहेच, पण ते तंत्रज्ञान लष्कराकडून नागरिकांकडे मुद्दाम वळवण्याच्या इतिहासात.

त्या १९९३ च्या सोसायटीची दोन उदाहरणं सगळ्यांना पाठ असतात. एक म्हणजे हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ सोमा राजू यांच्याबरोबर केलेला स्वस्त कलाम-राजू स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी), त्याचं साल कुठे १९९४ दिलेलं असतं, कुठे १९९६ तर कुठे १९९८, बहुधा डिझाइन, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांची वर्षं एकमेकांत मिसळली असावीत. दुसरं पोलिओ झालेल्या मुलांच्या पायाला आधार देणारे हलके कॅलिपर, साधारण ३ किलोचे होते ते ३०० ग्रॅमवर आले. हे 'अग्नी क्षेपणास्त्राच्या मालापासून बनवले' असं सर्रास सांगितलं जातं, पण हीट शील्डचाच तुकडा पायाला बांधला असा अर्थ काढू नये. हलकं पण मजबूत कंपोझिट घडवायचं कसब क्षेपणास्त्रवाल्यांकडे होतं, ते कामाला आलं, असं म्हणणं जास्त सुरक्षित.

पैसा कुठल्या खात्यातून

२०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये डीआरडीओला सुमारे २६,८०० कोटी आणि आयसीएमआर ज्याच्या खाली येतं त्या आरोग्य संशोधन विभागाला सुमारे ३,९०० कोटी, म्हणजे साधारण सातपट फरक. यावरून लगेच निष्कर्ष काढू नये, डीआरडीओचा बहुतेक पैसा क्षेपणास्त्रं, रडार, विमानं यांत जातो आणि जीवशास्त्राच्या लॅबना त्यातला थोडासाच मिळतो. तरी तेवढ्यातही इन्मास, बंगळूरची डेबेल (सैन्यासाठी जैववैद्यकीय उपकरणं), ग्वाल्हेरची डीआरडीई (रासायनिक आणि जैविक हल्ल्यांपासून बचाव) अशा लॅब चालतात. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेची स्वतःची संशोधन समिती आहे, तिचे प्रोजेक्ट पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात (स्थापना १९४८) आणि लष्करी हॉस्पिटलांत होतात. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीच्या आवारात इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे, पाणबुडी आणि डायव्हिंगचं वैद्यक तिथे बघतात.

बाहेरच्या कंपन्यांसाठी संरक्षण खात्याच्या दोन खिडक्या आहेत. टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंडाची एका प्रोजेक्टची मर्यादा २०२२ मध्ये १० कोटींवरून ५० कोटी केली. दुसरी आयडेक्स, २०१८ पासून, यात सैन्यदल आपली अडचण सांगतं, स्टार्टअपने उत्तर द्यायचं, ग्रँट साधारण दीड कोटीपर्यंत, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटीपर्यंत, पण कंपनीलाही आपला वाटा घालावा लागतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात.

नागरी बाजूला जैवतंत्रज्ञान विभागाची निधी देणारी संस्था बायरॅक (२०१२) आहे, तिच्या 'बिग' (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) योजनेत अगदी सुरुवातीच्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत मिळतात. २०१७ चं नॅशनल बायोफार्मा मिशन १,५०० कोटींचं, त्यातला निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा. औषधं आणि उपकरणांच्या संशोधनासाठी औषध विभागाची पीआरआयपी योजना २०२३ ची, ५,००० कोटींची. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदाही २०२३ चाच, पाच वर्षांत ५०,००० कोटी ठरलेत पण त्यातला मोठा भाग खाजगी क्षेत्राकडून यावा असं गृहीत धरलंय. राज्य सरकारचं या पट्ट्याला जवळचं उदाहरण म्हणजे पवईला आयआयटीतलं बेटिक, २०१४ ला राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून सुरू झालं, डॉक्टर आणि इंजिनियरला एका टेबलावर बसवून उपकरणं काढायची ही त्याची पद्धत.

अणुऊर्जेचा पैसा आणि भाभाट्रॉन

टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ ला टाटा ट्रस्टने काढलं, १९५७ ला ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ ला अणुऊर्जा विभागाकडे. पाचच वर्षांत झालेल्या या बदलामागे किरणोत्साराचा उपचारात होणारा वापर हे कारण दिलं जातं, होमी भाभांचा आग्रहही होता. त्याचा परिणाम असा की देशातल्या सगळ्यात मोठ्या कॅन्सर संस्थेचं बजेट आजही अणुऊर्जा विभागाकडून येतं, आणि २००२ मध्ये तिचा संशोधन विभाग परळहून खारघरच्या ६० एकरांवर आला तो याच पैशावर.

या व्यवस्थेचं सगळ्यात नीट उदाहरण म्हणजे भाभाट्रॉन, कॅन्सरवर किरणोपचार देणारं मशीन. कोबाल्ट-६० मधून १.१७ आणि १.३३ एमईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण निघतात, ते गाठीवर नेमके पाडणारं मशीन पूर्वी बाहेरून आणावं लागायचं. ट्रॉम्बेच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्र) ते इथे बनवलं आणि पहिलं मशीन २००५ मध्ये ॲक्ट्रेकला बसवलं. मग तंत्रज्ञान बंगळूरच्या पॅनॅशिया कंपनीला दिलं. डिझाइन करताना लोडशेडिंगचा विचार केलेला, वीज गेली तरी बॅटरीवर काम पुढे चालतं. पुढे व्हिएतनामलाही एक मशीन भारताने भेट दिलं. कोबाल्टचं अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात किरणांचा जोर निम्मा होतो, तोच डोस द्यायला दुप्पट वेळ लागतो आणि पेशंटची रांग लांबते, म्हणून काही वर्षांनी कोबाल्टचा सोर्स बदलावाच लागतो. हा सोर्स देशाच्या अणुभट्ट्यांत तयार होतो, पुरवतं ब्रिट. म्हणजे संशोधन, मशीन, इंधन आणि पहिलं गिऱ्हाईक, चारही गोष्टी एकाच खात्यात. मशीन लॅबमध्ये अडकून पडलं नाही याचं मुख्य कारण हेच असावं. गाठीवर प्रोटॉन कणांचा झोत सोडणाऱ्या प्रोटॉन थेरपीचं तसं नाही, खारघरला २०२३ मध्ये ती सुरू झाली पण यंत्रणा बेल्जियमच्या आयबीए कंपनीची, इथे पैसा खरेदीवर आणि वापरातल्या संशोधनावर गेला.

कार-टी थेरपीत, म्हणजे पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या उपचारात, मात्र अनेक खाती एकत्र आली. आयआयटी मुंबईच्या लॅबमध्ये राहुल पुरवार यांच्या टीमने पेशी बदलायची पद्धत बसवली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी चाचणी घेतली, पहिल्या-दुसऱ्या टप्प्यासाठी बायोफार्मा मिशनमधून १९.१५ कोटी मिळाले. ४ जून २०२१ ला ॲक्ट्रेकच्या बोन मॅरो युनिटमध्ये पहिल्या पेशंटला ही थेरपी दिली, ऑक्टोबर २०२३ ला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते ती औपचारिकपणे सुरू झाली. उत्पादन करणाऱ्या इम्युनोॲक्टचा कारखाना नवी मुंबईतच आहे. परदेशात तीन-चार कोटींना पडणारी थेरपी इथे ४०-५० लाखांत पडते असं सांगतात, तरी ही रक्कम कळव्याच्या किंवा डोंबिवलीच्या घराला परवडणारी नाहीच, आणि सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या उपचाराची किंमत कोणी ठरवायची हा प्रश्न अजून कोणी नीट हाताळलेला नाही.

लष्कराकडून नागरिकांकडे

कोविडच्या दुसऱ्या लाटेत डीआरडीओने दिलेले ऑक्सिजन प्लांट हे अलीकडचं ठळक उदाहरण. तेजस विमानात पायलटला ऑक्सिजन देणारी यंत्रणा डेबेलने केली होती. हवेतला नायट्रोजन झिओलाइट या सच्छिद्र पदार्थात अडकवायचा आणि साधारण ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन बाहेर काढायचा, हेच तत्त्व मोठं करून मिनिटाला १,००० लिटरचा प्लांट बनवला. पीएम केअर्समधून ५०० प्लांट मंजूर झाले, त्यातले ३८० बनवायला टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स आणि ट्रायडंट न्यूमॅटिक्सकडे दिले. मूळ संशोधनाचा पैसा विमानाच्या खात्यातला होता, वैद्यकीय खात्यातला नव्हे.

त्याच लाटेतलं कोविडवरचं टू-डीजी औषध वादग्रस्त राहिलं. इन्मासने डॉ. रेड्डीज या औषध कंपनीबरोबर केलेल्या या पावडरला १ मे २०२१ ला आणीबाणीतली परवानगी मिळाली, पण पुरावा अपुरा आहे अशी टीका अनेक डॉक्टरांनी केली. ऑक्सिजन प्लांटचं यश औषधालाही लावू नये, इंजिनियरिंग आणि क्लिनिकल पुरावा या वेगळ्या गोष्टी आहेत.

अंबरनाथच्या एनएमआरएलचं मुख्य काम जहाजं आणि पाणबुड्यांचं साहित्य, वैद्यकीय नव्हे. १९५३ ला मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात तिची सुरुवात झाली. तिथला आरोग्याशी जोडता येईल असा भाग म्हणजे पाण्यातलं आर्सेनिक काढणारा फिल्टर, तो पश्चिम बंगालसारख्या भागासाठी.

अमेरिकेत याची व्यवस्था वेगळी. तिथे १९९२ पासून संसद संरक्षण बजेटमध्येच ठरावीक आजारांच्या संशोधनासाठी वेगळे पैसे टाकते आणि सुरुवात झाली ती ब्रेस्ट कॅन्सरपासून, महिला संघटनांच्या दबावामुळे. भारतात संरक्षण बजेटमध्ये अशी वेगळी ओळ नाही.

अडतं कुठे

प्रोटोटाइपपर्यंत पैसे मिळतात, पुढे आटतात. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये अ पासून ड पर्यंत चार वर्ग आहेत, पहिल्या दोन वर्गांचं उत्पादन लायसन्स राज्याच्या एफडीएकडून आणि जास्त जोखमीच्या क, ड चं केंद्राच्या सीडीएससीओ या औषध नियंत्रण संस्थेकडून. १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषध म्हणून कायद्याखाली आली. हे योग्यच झालं, पण माणसांवरच्या चाचणीचा, इन्शुरन्सचा, क्वालिटी सिस्टिमचा खर्च छोट्या ग्रँटच्या हिशोबात बसत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपला स्टीलचा पार्ट मायक्रॉनमध्ये करून देता येतो, पण तो पार्ट पेशंटच्या शरीरात जाणार असेल तर लागणारी कागदपत्रं त्याच्या आवाक्याबाहेरची. सरकारी टेंडरमध्ये स्टार्टअपसाठी टर्नओव्हर आणि अनुभवाची अट शिथिल करायची तरतूद आहे, प्रत्यक्षात मात्र खरेदी अधिकारी आधी वापरून झालेलं मशीनच पसंत करतात. सैन्यदलाची मागणीही संख्येने कमी असते, नुसत्या तिच्यावर कारखाना चालत नाही, त्यामुळे लष्करी गरजेतून निघालेल्या उपकरणालाही शेवटी नागरी हॉस्पिटलांचाच बाजार शोधावा लागतो.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा, पैसा वाढतोय. आयसीआयसीआय बँकेने २०२३ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरसह तीन ठिकाणच्या इमारती आणि यंत्रांसाठी १,२०० कोटी जाहीर केले. असा पैसा दिसणाऱ्या गोष्टींकडे वळतो, चाचणीच्या तिसऱ्या टप्प्याला इमारतीसारखं नाव देता येत नाही. महापालिकांचा वाटा मुख्यतः जागा आणि पेशंटच्या रूपात, कळव्याच्या महापालिका हॉस्पिटलला मेडिकल कॉलेज जोडलेलं असल्याने अशी कामं तिथे होऊ शकतात. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, पण ती उपचाराचा खर्च उचलते, संशोधनाचा नाही.